चार स्क्रूंची वास्तुशांत

शाहूपुरीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिनं एकदाच सांगितलं, "खाली घर बघा. नाहीतर मी आता उतरले की परत चढायची नाही."

कोडोलीला आमची थोडी मोकळी जागा होती. गवंड्याला विचारलं. तो म्हणाला, "दिवाळीला ऱ्हायला जावा की." कुठल्या दिवाळीला, हे मी विचारलं नाही, कारण साडूंचा बंगला माझ्या डोळ्यांसमोर होता. तीन वर्षं बांधकाम चालू. दारात दोन गोल खांब उभे होते, त्यांच्यावर सिंह बसायचे होते. छप्पर मात्र अजून नव्हतं. रोज संध्याकाळी चार जाणती माणसं तिथं जमत, खिडकी इकडे घ्या, दार तिकडे सरकवा म्हणत, आणि गवंडी कालचं पाडून आजचं बांधत असे.

मी कारखान्यात तयार झालेलं घर मागवलं. एका सकाळी ते ट्रेलरवरून आलं आणि आठवड्यात उभं राहिलं. तयार घराचा सगळ्यात मोठा फायदा माहितीपत्रकात छापलेला नसतो: सल्ला द्यायला कुणाला वेळच मिळत नाही. खिडकी कुठं हवी हे ठरवून लोक आले, तेव्हा तिला पडदा लागला होता.

मग लोक भिंती वाजवू लागले. कलिंगड घेताना वाजवतात, तशा. साडूंनी बोटातल्या अंगठीनं वाजवून निकाल दिला.

"पावणं, घर न्हाय हे. जेवणाचा डबा हाय."

"असू द्या. झाकण तरी आहे."

वास्तुशांतीला अंगणात होम झाला. वास्तुपुरुष पुरल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असं बायकोचं म्हणणं होतं. गुरुजींनी विचारलं, "आग्नेय कोपऱ्यात खड्डा कुठं काढलाय?"

आम्ही सगळे दारातून घरातल्या जमिनीकडे बघत राहिलो. लोखंडी चौकटीवर घट्ट बसवलेले तक्ते. खड्डा कशात काढणार?

साडूंचा चेहरा उजळला. "पहार आणू?"

"पहार नको!" दाराची कडी बसवत असलेला कंपनीचा फिटर ओरडला. "तक्त्याला भोक पडलं तर कंपनी जबाबदार न्हाई."

"बघा! देवालाच जागा न्हाय घरात."

कुणीतरी वास्तुपुरुष कुंडीत ठेवायला सुचवलं. कुंडीतला वास्तुपुरुष आपण ऐकलेला नाही, असं गुरुजी म्हणाले. शिवाय आज राहिलं तर पुढचा मुहूर्त महिन्यानं. म्हणजे महिनाभर पुन्हा तिसरा मजला. खुर्चीवर बसलेल्या बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

फिटर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आत गेला. चार स्क्रू काढले, कोपऱ्यातला तक्ता उचलला; खाली माती. गुरुजींनी खुरप्यानं खड्डा केला, मूर्ती ठेवली, मंत्र म्हटले. फिटरनं तक्ता परत बसवला. गुरुजींनी त्यावर पाय दाबून बघितला. "सोय चांगली आहे. एरवी लोकांना फरशी फोडावी लागते."

साडूंनी फिटरला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "छप्पर एकलं मिळतंय काय?"

तेवढ्यात बायको उठली. दाराशी एकच पायरी होती. आधाराला मी हात पुढे केला. तिनं तो बघितलाही नाही, सरळ आत गेली आणि आतून ओरडली, "पडदा कुणी उलटा लावलाय?"