डावीकडून सुरू झालेली नदी

इकडे परदेशात, क्वेकर्स हिल उपनगरातल्या आमच्या शेजाऱ्याचं, लियांगचं, नाव निघालं की मला आधी टर्पेंटाइनचा वास आठवतो. दिवसा तो लोकांच्या घरांच्या भिंती रंगवायचा आणि उरलेल्या वेळात आपल्या गॅरेजमध्ये तैलचित्रं. कोविडमुळे मी घरून काम करायला लागलो, तेव्हा तो वास थेट माझ्या मीटिंगमध्ये शिरायचा. एकदा माझं डोकंच उठलं. तावातावाने कुंपणापाशी भांडायला गेलो आणि त्याचं ऐकत तिथेच उभा राहिलो.

त्याचे वडील चीनमध्ये, शाओशिंगला. शाई आणि पाणी वापरून जुन्या पद्धतीने डोंगर-नद्या काढणारे. मुलाने तेलरंग धरले हे त्यांना कधी पटलं नाही. "तेलात पाणी वाहत नाही," एवढंच म्हणायचे. लियांग आयुष्यभर तेलात तेच पाणी आणायला धडपडत होता. आता वडील अंथरुणाला खिळले होते आणि विमानं बंद होती. त्यांनी डोळे मिटायच्या आत आपलं एक चित्र बघावं, एवढीच त्याची इच्छा होती.

चित्र गॅरेजच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांब होतं. असं चित्र त्यांच्याकडे गुंडाळी उलगडत, उजवीकडून थोडं थोडं बघतात. उजवीकडे पूल आणि घर. तिथून एक होडी निघते, पुढे पुन्हा पुन्हा दिसते आणि लहान होत होत डावीकडच्या कोऱ्या पाण्यात जाते. होडीची दोन्ही टोकं सारखीच, पुढचं कुठलं ते कळू नये अशी.

"हा मी," होडीवर बोट ठेवून लियांगने मला सांगितलं होतं.

तिकडचे भेटीगाठींचे नियम जरा सैल झाले तेव्हा त्याच्या बहिणीने वडिलांच्या खाटेपाशी बसून व्हिडिओ कॉल लावला. ओला तेलरंग चकाकतो, त्यामुळे दिवा तिरका धरण्यात लियांगचे दोन्ही हात अडकलेले. फोन माझ्याकडे. मी आपला सवयीने डावीकडून सुरू झालो.

"नो नो, मेट! राइटकडून!" लियांग ओरडला.

मी ओशाळून थांबलो. तेवढ्यात फोनमधून म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज आला.

"थांबू नको म्हणतायत," लियांग हळूच म्हणाला.

मी सरकत राहिलो. कोरं पाणी. मग ठिपक्याएवढी होडी. मग जरा मोठी, आणखी मोठी. शेवटी पूल आणि घर. म्हातारा काहीतरी पुटपुटला आणि लियांगने हातातला दिवा खाली ठेवला.

"काय म्हणाले?"

"आला म्हणाले. घरी आला."

पाण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

"आता राइटकडून दाखवू?" मी विचारलं. लियांगने नुसती मान हलवली, नको म्हणून.

त्याच आठवड्यात वडील गेले. त्यांचे अंत्यसंस्कार लियांगने फोनवर पाहिले. मला फार वाईट वाटलं, आणि त्या वासाबद्दल पुन्हा बोलायची इच्छाच उरली नाही.

चित्र अजून गॅरेजमध्येच आहे. कोणी बघायला आलं की लियांग त्याला हाताला धरून डाव्या टोकाशी नेतो.