अंगठ्यानं ओळखलेला मासा

नांदेडच्या मासळी बाजारातल्या त्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. मी कॉलेजात माशांची गुणसूत्रं मोजते, त्यासाठी दर बुधवारी सकाळी त्यांच्याकडून जिवंत रोहू घ्यायचे. त्या टबातून मासा उचलायच्या, अंगठा पोटावरून शेपटीकडे फिरवायच्या आणि मगच माझ्या डब्यात सोडायच्या.

एकदा ऐन आषाढात, बाकीच्या माद्या अंड्यांनी टम्म फुगलेल्या असताना, त्यांनी एक चांगली थोराड मादी मला दिली. म्हणाल्या, "ही अंडी न्हाई धरणार कधी. नुसतीच वाढून राहिली."

प्रयोगशाळेत मोजलं, तर गुणसूत्रांचे दोन संच असायचे तिथे तीन निघाले. असे मासे वांझ असतात. मला त्यासाठी तीन दिवस आणि सूक्ष्मदर्शक लागला. त्यांना अंगठा पुरला.

पुढच्या बुधवारी मी हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "येवढं जादा घिऊन जगती कशी मग?"

मी म्हटलं, "डीएनएवर बारीक रासायनिक खुणा बसतात. त्यानं जादाची काही जनुकं गप्प होत असावीत. तेच शोधतोय आम्ही."

त्यांना काही नवल वाटलं नाही. "घरात माणसं वाढली की कुणाला तरी गप बसावंच लागतंय. तवा घर चालतंय."

"तुमच्या घरी कोण बसतं गप्प?"

"मीच की," असं हळूच म्हणून त्यांनी बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी हाळी दिली, "रोहू घ्या, जित्ता रोहू."