बेसिनखालचा कागद

माझे बाबा प्लंबर. जोड बसवला की खाली कोरडा कागद ठेवून तासभर थांबायचं, ही त्यांची तीस वर्षांची रीत. परदेशातल्या मिशनच्या दवाखान्यात आम्ही तिघं तीन महिने फुकट राबलो, तिथेही तेच. परतीच्या सकाळी निरोपाला सगळे हॉलमध्ये जमले आणि बाबा बेसिनखाली आडवे. कागदावर थेंब पडला होता.

“अहो, उठा! पास्टर तुम्हाला सगळ्यांसमोर देवाच्या कामाची साक्ष द्यायला बोलावताहेत,” आई करवादली.

“माझ्या हातचा नळ गळतोय आणि मी तिथे देवाची सेवा केली म्हणून मिरवू? जमणार नाही!”

“गाडी निघून जाईल!”

“जाऊ दे.”

“आणि प्रार्थना? देवाला काय सांगू?”

“सांग, कागद कोरडा राहिला की येतो.”