देवाचं पाणी आणि माझा भोपळा

१२ फेब्रुवारी १९९५, रविवार. वेलावर धरलेल्या तीन कोवळ्या भोपळ्यांपैकी दोन खुडायचे होते. एकच ठेवला की वेलाची सगळी ताकद त्यालाच मिळते. भावाने साताऱ्याहून या वाणाच्या चार बिया पाठवल्या होत्या, त्यातली एकच उगवली. त्याच्या शेतातला भोपळा उचलायला दोन माणसं लागतात. मला तसाच हवा होता.

पण सकाळी सातलाच पानं माना टाकून पडलेली. खाली वाकले, तर बुडख्याशी चिखल. त्यात झेंडू, बेलाची पानं, भिजलेले तांदूळ. वासही येत होता. सानपाड्याची आमची सोसायटी खाडीच्या भरावावर उभी. वीतभर खाली नुसता चिकट गाळ, पाणी मुरतच नाही. म्हणून तर मी गावातल्या गोठ्यातून शेणखताची पोती आणून आळं केलं होतं. तेव्हा मदतीला एकही हात आला नाही. आता मात्र अख्खी इमारत तिथे पूजेचं पाणी ओतत होती!

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तांब्या घेऊन आल्याच.

"काकू, थांबा! मुळं कुजायला लागलीत."

"अगं, देवाचं पाणी ते. त्याने कुठे वेल मरतो? बाळसं धरेल उलट."

"मग तुमच्या तुळशीत ओता."

"तुळशीत? एवढं पाणी? मरेल ना ती!"

त्या थट्टा करत नव्हत्या.

"मोरीत तर ओतता येत नाही," त्या म्हणाल्या.

"आणि माझा वेल मारता येतो?"

काकू तांब्या घेऊन फणकाऱ्याने वर गेल्या. मी चिखल उपसला. दोन भोपळे खुडले. राहिलेल्या भोपळ्याच्या अलीकडचं पेर कोरड्या मातीत दाबून वर वीट ठेवली. भोपळ्याच्या वेलाला पेरापाशी नवी मुळं फुटतात. ती फुटेपर्यंत जुनी टिकली, तर भोपळा वाचणार होता. त्यासाठी वरून पाणी यायचं थांबायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला बादली घेऊन चौथ्या मजल्यापासून एकेक बेल वाजवत खाली आले. "देवाचं पाणी द्या." काहींनी हसून दिलं, काहींनी तोंड वाकडं करून. काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"आज सोमवार. अभिषेक व्हायचाय अजून. सातला ये."

भरलेली बादली फाटकाजवळच्या नारळाला ओतली आणि सातला पुन्हा तीन मजले चढले.