आत्याच्या कृष्णकमळाची चोरी

फोनवर आत्याच्या शेजारणीचं, शबानाभाभींचं नाव दिसलं. हा नंबर आत्यानंच मला दिला होता. "माह्यं काही बरंवाईट झालं, तं पहिले हिलेच विचारजो," असं बजावून. त्यात विश्वास किती आणि संशय किती, ते मला कधी कळलं नाही. "ताई, आत्याबाई गेल्या... चहा घेऊन गेली व्हती मी, तं उठल्याच नाई," भाभी म्हणाल्या. त्याला आता काही आठवडे झाले.

माझी आत्या अकोल्यात गणिताची शिक्षिका होती आणि कॉपी पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. परीक्षा संपल्या तरी तिची ती नजर काही उतरली नाही. दूधवाला, गॅसवाला, मी... सगळे तिच्या लेखी संशयित. लग्न का केलं नाहीस, असं एकदा विचारलं, तर म्हणाली, "पाहाले आले त्यातला एकबी खरं बोलला नाई."

निवृत्तीनंतर तिनं गॅलरीत कृष्णकमळाच्या कुंड्या लावल्या. वाळू मिसळलेली माती, कुजलेलं शेणखत, वेल चढायला तार. पानं खाणाऱ्या अळ्या ती चिमट्यानं वेचायची. एका दिवसात मिटणारं ते जांभळं फूल मला दाखवत म्हणायची, "हे शंभर कौरव, अन् मधात पाच पांडव. आपल्या गल्लीतबी हाच हिशोब हाय." कलम मात्र कुणाला द्यायची नाही.

एके दिवशी एक शेंडा गायब झाला. तुटलेलं टोक तिनं चष्मा लावून तपासलं. "सरळ काप हाय. हे माकडाचं काम नाई, कात्रीचं हाय." गॅलरीच्या बुटक्या भिंतीपलीकडे शबानाभाभींचं शिवणयंत्र चालू होतं. आत्यानं तिकडे असं पाहिलं, की यंत्र थांबलं. त्यानंतर कित्येक महिने दोघींमध्ये जेवढ्यास तेवढं बोलणं.

मग आत्या न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर, ऐन उन्हाळ्यात मी तिला अमरावतीला, राजापेठेतल्या माझ्या घरी आणलं. "भाभींकडे चावी देऊ? पाणी घालतील," निघताना मी म्हटलं. "काहून? उरलेलीबी कापून नेईन ते." पाण्याच्या बाटल्या कुंड्यांत उलट्या खोचायला लावून तिनं कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं.

आम्ही परतलो तेव्हा गॅलरीत नुसत्या काटक्या होत्या. वॉकर टेकवून आत्या एकेक खोड नखानं खरवडत राहिली. कुठं हिरवं दिसतं का... नव्हतं. शेवटी ती स्टुलावर बसली.

तेवढ्यात भिंतीवर एक कुंडी आली. तारेवर वेल, वेलीवर उमललेलं फूल. मागे डोक्यावरची ओढणी सावरत भाभी उभ्या. "आत्याबाई, गुस्सा नका करू. तुमी देत नव्हत्या, म्हून एक काडी नेली व्हती मी..."

आत्यानं पान उलटून पाहिलं, फुलाचा वास घेतला. "माह्यीच हाय!" ती ओरडली. "पाहा! मी सांगत व्हती का नाई, हिनंच चोरली म्हून?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर कॉपी पकडल्याचा आनंद होता. मग हात पुढे करून म्हणाली, "आन तुही कात्री."

त्या वेलीच्या कलमांवर पुन्हा कुंड्या भरल्या. चावी भाभींकडे गेली, सकाळचा चहा भिंतीवरून यायला लागला. तरी भाभी आत गेल्या, की आत्या हळूच म्हणायची, "आज लय गोड बोलून राहिली. काहीतरी हाय."

परवा आत्याचं घर आवरायला गेले, तेव्हा सगळ्या कुंड्या भाभींच्या गॅलरीत होत्या. "भाभी, एक फांदी नेते मी. राजापेठेत लावीन."

भाभींनी मला नीट न्याहाळलं. "तुमच्या गॅलरीत दुपारचं ऊन येते न? अन् दिवसभर घरी कोन असते?"

"कुणी नाही..."

"मंग वाळवसान तुमी. बसा, चहा आनते."

चहा आला. मला खुर्ची देऊन भाभींनी आपलं स्टूल ओढलं आणि माझ्या अन् कुंड्यांच्या बरोबर मध्ये येऊन बसल्या.