वाटाण्याएवढा डोंगर

लहानपणी मला कुणी विचारलं, की तुझे परदेशातले काका काय करतात, तर मी ‘दात करतात’ असं सांगायचे, आणि समोरचा माणूस मनाशी ‘डॉक्टर’ असं धरून चालायचा. काका डॉक्टर नाहीत. ते कवळ्या बनवतात. दवाखान्यात कुणाच्या तरी तोंडाचं माप घेतलं जातं, ते माप एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत येतं. तिथे लांबलचक टेबलाच्या टोकाला बसून काका त्या मापावर मेणाच्या हिरड्या चढवतात, त्यांत एकेक दात रोवतात, आणि ज्या माणसाला त्यांनी कधी पाहिलेलं नाही त्याचं हसू डबीत घालून परत पाठवतात.

शिकायला म्हणून मी त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा पहिल्या दिवशी दारातच थबकले. बुटांच्या कपाटापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या अरुंद बोळात दोन्ही भिंतींवर प्लॅस्टरच्या पांढऱ्या पाट्या टांगल्या होत्या, शाळेतल्या पाटीएवढ्या. एकीवर दगडी पूल उठावात काढलेला, एकीवर ओसाड स्टेशन, एकीवर नुसतीच एक बंद खिडकी आणि तिच्या कठड्यावर मांजर.

“हे आमचे फोटो,” काकू म्हणाली. “तुझ्या काकांना कॅमेरा घ्यायला सांगितला, तर त्यांनी प्लॅस्टरचं पोतं आणलं.”

या देशात आल्यापासून दर रविवारी दोघं कुठल्या तरी बसमध्ये नाहीतर गाडीत बसून जात आणि संध्याकाळी परत येत. कुठे जायचं ते काकू ठरवायची. वेळापत्रकातलं जे नाव उच्चारताना तिची जीभ सगळ्यांत जास्त अडखळे, ते गाव. काका नुसतं बघत. मग आठवडाभर संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर स्पिरिटचा छोटा दिवा लागे. पाहिलेलं ते आधी मेणात घडवत, त्या मेणावरून साचा घेत आणि साच्यात प्लॅस्टर ओतत. पद्धत कवळीचीच, फक्त चावता येत नाही, असं ते म्हणत. मेणाची पाटी टेबलावर ठेवली की तिच्यावर पाणसळ धरायची त्यांना सवय होती. काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत ते गरम सुरीने मेण तासत राहत. एका बाजूला दाट, एका बाजूला पातळ, हे त्यांना तोंडातही चालत नसे आणि भिंतीवरही.

काकू कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून विजारींच्या पायांना दुमड घालायची, बाह्या आखूड करायची. घरी ती समीक्षक होती.

“या कमानीला जबड्याचा आकार आलाय हो.”

“येऊ दे की. पोटापाण्याचा आकार आहे तो.”

मी गेले त्याच वर्षी काकूला सुई ओवता येईनाशी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, की नजरेतला मधला भाग पुसट होत जाईल, कडा काही दिवस टिकतील. घरी येऊन काकूने चहा ठेवला आणि म्हणाली, “म्हणजे आता तुमच्याकडे बघायचं असेल तर मला दुसरीकडे बघावं लागणार. लग्नाआधी बघायचे तसं.”

काका हसले, आणि मग कपबश्या पुसायला उठले. त्या आधीच कोरड्या होत्या.

पुढे कडाही धुरकटल्या. उजेड, अंधार आणि मोठाल्या वस्तूंच्या सावल्या तेवढ्या उरल्या. काकूने नोकरी सोडली, घर हाताने पाठ केलं. रविवारच्या फेऱ्या मात्र चालू होत्या. काकांचा दंड धरून ती जायची आणि काका तिला समोरचं वाचून दाखवावं तसं सांगायचे.

एका रविवारी स्टेशनवर काका तिकीट काढायला वळले. काकूने शेजारी उभ्या असलेल्या कोटाचा दंड धरला आणि ती चालू लागली. फलाटभर चालत तिने घरी कांदे संपलेत हे सांगितलं, माझ्या उशिरा उठण्याबद्दल तक्रार केली. तो माणूस भला असावा. त्याला अक्षर कळत नव्हतं, पण त्याने दंड सोडवून घेतला नाही. मागून काका धावत आले तेव्हा त्याने टोपी काढून काकूला नमस्कार केला म्हणे.

हे सगळं काकूनेच आम्हांला नक्कल करून सांगितलं, आणि मी हसून हसून खाली बसले. पण पुढच्या रविवारी तिचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी गुडघा. मग कारणं सांगणंही तिने सोडून दिलं.

“तुम्ही जा. मी आहे घरी,” ती म्हणायची. “मला काय, इथे काय नि तिथे काय, सारखंच दिसतं.”

काका दोन-तीन रविवार घरीच बसले, आणि घरात बसलेले काका म्हणजे सारखी उघडझाप होणारी कपाटं. शेवटी काकूनेच त्यांना कोट घालून बाहेर काढलं. ते एकटेच तळ्याकाठी गेले. ते दोघांचं लाडकं ठिकाण होतं. काठावर एक बाक आणि पाण्यापलीकडे एकच एक डोंगर. आल्यावर जेवता जेवता ते मला हळूच म्हणाले, “ती येत नाही ना, तर ते मी इथे आणतो. बोटांनी बघेल. एकदा गोडी लागली की येईल पुन्हा.”

त्या आठवड्यात त्यांनी जे काम केलं तसं मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं. पाण्यावरच्या लाटा नखाच्या टोकाने काढल्यासारख्या नाजूक. काठाची झुडपं, बाकाच्या फळ्या, त्या फळ्यांमधल्या फटी. आणि मागे, अगदी वर, धुक्यात असावा तसा लहानसा डोंगर. बघणाऱ्याला वाटावं, की पाटीला खोली आहे आणि तिच्यातून वारा येतोय.

शनिवारी जेवणानंतर त्यांनी ती काकूच्या मांडीवर ठेवली आणि समोर खुर्ची ओढून बसले. काकूची बोटं खालून वर निघाली. झुडपांत अडली, लाटांवरून काही न कळता घसरली, वरच्या कडेशी जाऊन थांबली.

“हा वाटाणा कसला?”

“तो डोंगर आहे.”

“हा?” तिने तो अंगठ्याने चाचपला. “एवढासा?”

“लांब आहे ना तो, म्हणून लहान.”

“लांब कुठे आहे, अहो. हे काय माझ्या बोटाखाली आहे.”

काका समजावू लागले. पलीकडचं बारीक दिसतं, अलीकडचं मोठं दिसतं, त्यावरून अंतर कळतं. काकूने सगळं ऐकून घेतलं.

“दिसतं,” ती म्हणाली. “ज्याला दिसतं त्याला कळतं. ही तुम्ही तुमच्यासाठी केलीत.”

तिने पाटी जपून, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली आणि ती झोपायला गेली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. काका बराच वेळ त्या वाटाण्याकडे बघत बसले. ती पाटी त्यांनी भिंतीवर लावली नाही.

त्यानंतरचे काही दिवस दिवा लागला नाही. मग एका संध्याकाळी काका प्रयोगशाळेतून आले ते बूट न काढताच माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

“आज एक कवळी परत आली,” ते म्हणाले. “एका म्हातारबाईंची. त्यांचं म्हणणं, टाळूला डोंगर टोचतो. प्रयोगशाळेच्या मालकीणबाईंनी भिंग लावून पाहिली, मी पाहिली. काही नाही. आरशासारखी गुळगुळीत. शेवटी जिभेने बघावं तसं बोटाच्या टोकाने चाचपली तेव्हा एक कण लागला. रवा असतो ना, त्याच्याहून बारीक.”

“मग?”

“मग काय, घासून दिली. इतकी वर्षं लोक हेच सांगतायत मला. शीत अडकलं तर धोंडा वाटतो म्हणतात. जिभेला लांबचं काही नसतं. लागलं ते मोठं.” त्यांनी खाली बघून बुटाची नाडी सोडली. “हाताचंही तसंच असणार. हे मला घरी आधीच कळायला नको होतं का?”

मग ते डोळ्यांना रुमाल बांधून तळं घडवायला बसले. मी दिव्यापाशी लक्ष ठेवून होते. त्यांनी मेण हातात घेतलं, मऊ केलं, आणि तसेच बसून राहिले. जरा वेळाने रुमाल सोडला. काकू पलीकडे वाटाणे सोलत होती. खरोखरचे वाटाणे. त्या दिवसानंतर ती मुद्दाम आणवत होती की काय, देव जाणे.

“अगं,” काका म्हणाले, “त्या बाकाला पाठ लाकडाची आहे की लोखंडाची?”

“खाली लाकूड, पाठ लोखंडाची. उन्हात तापते. उजव्या हाताचा खिळा वर आलाय, माझी साडी फाटली होती ना त्याला.”

“मला काहीच आठवत नाही. इतक्या वेळा बसलो, पण मी हात कधी लावलाच नाही कशाला. नुसतं बघत बसलो.” ते थांबले. “तू आलीस तर होईल. नाहीतर हे मला जमायचं नाही. मनधरणी म्हणून नाही सांगत.”

काकूने शेंग मोडली, दाणे भांड्यात पाडले. मला वाटलं, ती आता डोकं दुखतंय म्हणेल.

“पुन्हा दुसऱ्याच कुणाचा दंड धरला तर?”

“तर त्यालाही घेऊन ये. बाक लांब आहे.”

ती हसली नाही. पण हात पुसून तिने मला शिवणाच्या डब्यातून मोठ्यात मोठं बटण शोधून आणायला सांगितलं. सुई मी ओवून दिली. काकांच्या कोटाच्या उजव्या बाहीवर, कोपराच्या जरा वर, तिने ते दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवलं. तपकिरी कोटावर पिवळं, बाटलीच्या झाकणाएवढं.

“शोभतं का?” काकांनी मला विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

“न शोभू दे,” काकू म्हणाली. “असलं ध्यान दुसरं कोण घालणार आहे. आता हा दंड माझाच. आणि तळ्याला नाही जायचं. त्या वाटाण्यावर जायचंय मला.”

इतकी वर्षं तो डोंगर त्यांनी पाण्याच्या अलीकडूनच पाहिला होता. रविवारी आम्ही तिघं तळ्याला वळसा घालणाऱ्या बसने पायथ्याशी उतरलो. वाट रुंद आणि बांधलेली होती, एका बाजूला लोखंडी कठडा. काकूची तीन बोटं बटणावर आणि दुसरा हात कठड्यावर. काही लोक बटणाकडे बघत, मग काकूकडे, आणि मग वाट सोडून बाजूला होत. ते तिला दिसत नव्हतं आणि आम्ही तिला सांगितलं नाही.

काका सवयीने सांगू लागले, “आता डावीकडे तळं—”

“थांबा जरा. मला बघू द्या.”

ती कठड्याचे पोपडे चाचपत होती, झाडाच्या सालीवर तळवा ठेवत होती, ऊन कुठल्या गालावर येतंय हे बघायला मान वळवत होती. वाट चढतच गेली. तिला दम लागला, पोटऱ्या भरून आल्या, आणि तिने काकांना दोनदा विचारलं, की एवढ्याशा वाटाण्याला एवढा चढ कुठून आला. अर्ध्यावर बाक लागला तेव्हा ती त्याच्यावर कोसळल्यासारखी बसली. माथ्यापर्यंत गेलो नाही. कुणाला त्याची खंतही वाटली नाही.

त्या आठवड्यात दिवा लागला तेव्हा टेबलापाशी काकूची खुर्ची होती. काका मेण गरम करून देत आणि ती दाबत, ओढत, चिमटीत धरून उभारत असे. अर्ध्या वाटेवरचा बाक आधी झाला, जवळजवळ अर्धी पाटी अडवणारा. मग कडेने अंगठ्याएवढा जाड कठडा, पोपड्यांसकट. आणि मधोमध चार भोकांचं एक बटण, बाकावर कुणी बसावं एवढं मोठं. काकांनी त्याकडे पाहिलं आणि मेणाचा पुढचा तुकडा गरम करायला घेतला.

तिसऱ्या संध्याकाळी ती हात धुवायला गेली तेव्हा त्यांनी सवयीने पाणसळ उचलली आणि पाटीवर धरली. बुडबुडा पार कोपऱ्यात पळाला. खालच्या कडेला मेण पातळ होतं, वर जाता जाता जाड होत गेलेलं. काकांनी सुरी दिव्यावर धरली.

काकू दारातून आत आली ती गरम लोखंडाच्या वासाने.

“काय करताय?”

“काही नाही. एका बाजूला मेण जास्त झालंय जरा, सारखं करतो.”

तिने टेबलाच्या कडेने हात सरकवत त्यांचं मनगट गाठलं आणि धरून ठेवलं.

“राहू द्या,” ती म्हणाली. “तो चढ आहे.”

काकांनी पाटीकडे पाहिलं. डोंगर शोधावा तसं त्यांनी वरच्या कडेला पाहिलं, आणि मग खाली, मग पुन्हा सगळ्या पाटीकडे. सुरी बाजूला ठेवून त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताची दोन बोटं पातळ कडेवर टेकवली आणि ती वर चालवू लागले. कठड्याला धरून, अगदी सावकाश.

काकू शेजारी उभी राहून ऐकत होती.

“दम लागला का?” तिने विचारलं.

“थांब,” काका म्हणाले. “बाक यायचाय अजून.”