सहलीहून आलेली जादा पोर

"फौजदारसाहेब, पोर वाढलं! एक पोर वाढलं!"

शाळेचे मास्तर असे ओरडत भोरच्या ठाण्यात शिरले, की पहाऱ्यावरच्या शिपायानं बंदूक टाकून आधी कान धरले. तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेला नाही. हरवलेली पोरं, बैल, दागिने, एकदा तर लग्नातला नवरदेवही मी शोधून दिला. पण पोर वाढल्याची वर्दी घेणारा अख्ख्या हिंदुस्थानात मी एकटाच फौजदार असेन. संस्थानचा काळ होता. भोरजवळच्या नव्या धरणात पाणी अडून फार वर्षं झाली नव्हती.

"मास्तर, पोरं कमी होतात. वाढतील कशी?"

"वाढली! हवं तर तुम्ही मोजा."

मास्तरांनी वर्गातल्या मुलांना नावेतून धरणातल्या बेटावर सहलीला नेलं होतं. बेट म्हणजे बुडालेल्या एका गावची टेकडी. माथा तेवढा पाण्याबाहेर राहिलेला. दुपारी वळवाची सर कोसळली. मास्तरांनी दिसेल त्या पोराला घोंगडीखाली घेतलं आणि नावेत लोटलं. काठावर येऊन घोंगड्या उघडल्या, तर आत एक परकी पोरगी! सहा-सात वर्षांची, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. नाव विचारा, गाव विचारा, तोंडातून शब्द नाही.

बघता बघता निम्मं भोर ठाण्यात लोटलं. कशाला? पोरीचे पाय भुतासारखे उलटे आहेत का ते बघायला. मी स्वतः तपासले. सरळ होते. चिखल तेवढा धुवायला हवा होता.

नावाड्याला जबाबाला उभा केला.

"पोरगी नावेत कुठं बसली?"

"काय म्हाईत? म्या पोरं मोजत न्हाई सायेब. पर येताना वल्हं जड लागलं."

"खोटं!" मास्तर उसळले. "येताना आमचे डबे रिकामे होते."

"आन डब्यातलं कुठं गेलं, मास्तर? पोरांच्या पोटातच की!"

ठाणं खदखदून हसलं. पण वल्हं जड लागलं, म्हणजे पोरगी बेटावरच चढली, हे मी मनात टिपलं. इतक्यात गर्दीतला एक मेंढपाळ पुढं आला.

"सायेब, त्या बेटावर सकाळी धूर निगतो. बुडाल्या गावची भुतं चुली पेटवत्यात."

"वास कसला येतो रे?"

"भाकरीचा."

भाकरी थापणारं भूत माझ्या सबंध नोकरीत भेटलं नव्हतं. फरारी दरोडेखोर मात्र पुष्कळ भेटले होते. बेटावर त्यांचाच अड्डा असणार, असं मी ठरवलं आणि बंदुका काढायला सांगितल्या. वरून हुकूम आला होता, पालक मिळाले नाहीत तर पोरीला पुण्याच्या अनाथाश्रमात पाठवा. रात्री हवालदाराच्या बायकोनं भाकरी-पिठलं आणलं. पोरीनं तुकडा मोडला, दारापर्यंत गेली, बाहेर बघितलं आणि तो तसाच ताटात परत ठेवला. उपाशी झोपली.

सकाळी फौजफाटा आणि ओळख पटवायला पोरगी घेऊन धरणावर गेलो. पोरीच्या हातात कालचीच भाकरी. पाणी दिसताच ती धावली, पहिला तुकडा पाण्यात सोडला, हात जोडले आणि मग उरलेली भाकरी अशी खाल्ली, की मला माझ्या बोटांची काळजी वाटली.

मी जागीच थांबलो. ज्यांची गावं धरणात गेली त्या माणसांची ही रीत. गावदेवी पाण्याखाली राहिली, म्हणून पहिला घास तिचा. बेटावर दरोडेखोर नव्हते. गावचीच माणसं होती, दुसरीकडं वसवलेली, गुपचूप परत आलेली.

"बंदुका इथंच ठेवा," मी म्हणालो. पोरगी, नावाडी आणि मी, तिघंच निघालो.

बेटावर उतरून मी गर्जना केली. माझ्या आवाजानं एकेकाळी रोहिडा किल्ल्यावरचे दगड सुटत. "बाहेर या! नाहीतर पोर पुण्याला जाईल!"

पान हललं नाही. मग पोरीनंच पहिल्यांदा तोंड उघडलं. "आये! म्या आले गं!"

करवंदीची जाळी फाटली आणि एक बाई काट्यांसकट धावत आली. मागून तिचा नवरा, हात जोडून. टेकडीच्या उतारावर त्यांनी लावलेली वांगी-मिरची दिसत होती.

"काल ठाण्यात का आला नाहीस?" मी दरडावलं.

"आलो असतो तर हितनं हाकललं असतं, सायेब. पोरीलाबी सांगून ठिवलं हुतं, परक्याशी बोलायचं न्हाई."

"आणि पोर गेली असती म्हणजे?"

"रातभर त्योच इचार केला. ही म्हनली, जमीन जाऊ दे. सकाळी पवत येनारच हुतो."

त्याचा सदरा ओला होता. तो काठापर्यंत जाऊन आमच्या बंदुका बघून परत फिरला होता.

त्या दिवसापासून मी एक शिकलो: लपलेला माणूस दिसला की आधी तो काय जपतोय ते बघावं. बंदूक कुठं पळून जात नाही. बेट धरणखात्याचं की संस्थानचं, हा वादही मी धरणखात्यावर आणि संस्थानवरच सोडला. माझ्या माहितीप्रमाणे तो मिटलेला नाही. पोर आईबापांच्या ताब्यात दिली, वांग्यांचा पंचनामा माझ्या हातून राहून गेला.

पण जबाब तर लिहायलाच हवा. मी विचारलं, "राहणार कुठं?"

त्यानं गावाचं नाव सांगितलं.

"अरे, ते गाव पाण्याखाली आहे!"

"व्हय," तो म्हणाला. "म्हनून तर वर ऱ्हातो."